दलाली आपण द्यायची

घर विकताना दलाली कोणी द्यायची, विकणाऱ्याने की घेणाऱ्याने, असे अजूनही कोणी ना कोणी मला विचारतो. घराण्यात वयाने मोठी अशी मीच उरले आहे. त्यामुळे ज्यातले मला कळत नाही त्यातलेही मलाच विचारायची पद्धत पडली आहे. मी सांगते, ‘आपण द्यायची.’ विचारणारा मान डोलावतो आणि समजले अशा समजुतीने निघून जातो. आमच्या घराच्या वेळी तिघांना असेच समजले होते.

हकिकत एकतीस-बत्तीस सालच्या सोलापुरातली आहे. घरात माणसे चार. मामंजी, म्हणजे माझे सासरे, हेडमास्तर म्हणून निवृत्त झालेले. सासूबाई. मी, लग्नाला दोन-तीन वर्षे झालेली. आणि आमचे हे, जे कुर्डुवाडीला रेल्वेच्या कारखान्यात कारकून होते. शनिवारी गाडीने यायचे आणि सोमवारी पहाटे जायचे. नावे मी कोणाचीच देत नाही. नवऱ्याचे घ्यायची सवय नाही, सासऱ्यांचे घ्यायची हिंमत नाही, आणि बाकीच्यांनी माझे कधी काही वाईट केले नाही.

आम्ही राहत होतो ते बिऱ्हाड भाड्याचे. मागच्या बाजूच्या दोन खोल्या आमच्या. रस्त्यावरचे दार मात्र सगळ्या घराला मिळून एकच, आणि त्याची आतली कडी घरमालकीणबाईंच्या अखत्यारीत. दिवेलागणीला त्या कडी घालत आणि जपाला बसत. एकदा कडी पडली की ती काढायचा हक्क त्यांचा, आणि जप मध्येच सोडायचा नाही हा त्यांचा नेम. बाई वाईट नव्हत्या. एका कडीच्या जोरावर माणसाला किती मोठे होता येते याचा त्यांना शोध लागला होता, एवढेच.

एका शनिवारी गाडीला उशीर झाला. हे आले तेव्हा कडी पडलेली होती. बाहेर मुलगा, आत आई, मध्ये दार, आणि ओटीवर बाई माळ ओढताहेत. सासूबाई कडीपाशी गेल्या तशी बाईंनी डोळे न उघडताच बोट वर केले. सासूबाईंनी हात मागे घेतला. मग मायलेकांनी दाराच्या फटीतून एकमेकांची खुशाली विचारली. ‘जेवलास का रे वाटेत?’ ‘नाही ग. तुझा गुडघा कसा आहे?’ ‘आहे तसाच.’ जप संपेपर्यंत त्यांचे असे बरेच बोलून झाले.

दुसऱ्या दिवशी भाकऱ्या थापता थापता मला म्हणाल्या, ‘लग्न झाल्यापासून बिऱ्हाडंच करतेय मी. दागिने नकोत, तीर्थयात्रा नको. एक दार हवंय. त्याची कडी आपल्या हातात असली म्हणजे झालं.’

मामंजींनी हे ऐकले असावे. सासूबाईंचे बोलणे त्यांनी ऐकले आहे हे कळायला एक-दोन महिने लागत. या वेळी ते लवकर कळले. मामंजी घर बघू लागले.

मामंजींचे घर बघणे म्हणजे शाळा तपासणीच. लांब कोट, डोक्याला पागोटे, खांद्यावर घडी घातलेले उपरणे, हातात काठी. काठीने भिंतीवर टकटक करायचे आणि भिंतीचे उत्तर चुकल्यासारखा चेहरा करायचा. बोलणे अगदी छापील. ते सगळ्या जगाला ‘आपण’ म्हणत. दूधवाल्याला म्हणत, ‘आपण आज दुधात पाणी जरा बेतानेच घातलेले दिसते.’ न्हाव्याला ‘आपण’, टांगेवाल्याला ‘आपण’, सासूबाईंनाही ‘आपण’. ‘आपण आडावरून पाणी आणावे’ असे ते म्हणाले की सासूबाई कळशी उचलायच्या. टांग्याच्या घोड्यालाही ते ‘आपण’च म्हणत असावेत, असा माझा नि आमच्या ह्यांचा कयास होता.

घर दाखवायला जो दलाल आला तो मुळात बैलांचा दलाल. जानेवारीत गड्ड्याची यात्रा भरे, तेव्हा जनावरांच्या बाजारात सौदे जमवायचे हा त्याचा धंदा. पण यात्रा संपली की बैल आपापल्या गावी जातात, आणि दलालाला तर वर्षभर जेवावे लागते. म्हणून उरलेले वर्ष तो घरे विकायचा. घराकडेही तो बैलासारखेच बघायचा. आधी मागून बघायचा, मग पाठीवर थाप मारावी तशी भिंतीवर थाप मारायचा.

‘मास्तर, हाड बगा हाड. कोवळं न्हाय, पन म्हातारंबी न्हाय. धा-पंधरा वर्सं नांगराला जुपा.’

‘आम्हाला ते नांगराला जुंपायचे नाही. त्यात राहायचे आहे.’

‘तेच की. राहनं म्हंजे लई जड काम हाय.’

हे घर सात रस्त्याकडून पूर्वेला विणकरांच्या वस्तीत शिरताना लागायचे. तिथे मराठीइतकीच तेलुगू कानावर पडे, आणि दोन्हींच्या वरताण मागांचा खटखटाट. घरमालक विणकर होता. त्याच्या मेहुण्यांनी गावाच्या दुसऱ्या टोकाला मोठी जागा घेतली होती. तिथे सगळ्यांचे माग एका छपराखाली मांडायचे म्हणून तो हे घर विकत होता. तीन खोल्या, परसात आड, आणि पुढच्या खोलीत जमिनीत खणलेला खड्डा. त्याच्या काठावर बसून, पाय आत सोडून तो विणायचा. पायाने दाबायच्या पावड्या खाली, माग वर. आम्ही गेलो तेव्हा तो कमरेपर्यंत जमिनीत होता. त्याने तिथूनच नमस्कार केला, त्यामुळे मामंजींच्या नमस्काराला फार खाली वाकावे लागले. त्यांना याची सवय नव्हती.

मामंजी भिंती तपासत होते तेव्हा सासूबाई सरळ दारापाशी गेल्या. कडी घातली. काढली. पुन्हा घातली. लोखंडी, जाड, हाताला थंड लागणारी कडी होती. त्यांनी दुसरे काही बघितलेच नाही. विणकराची बायको रहाटावर सूत गुंडाळत बसली होती. ती हे बघत होती आणि तोंडाला पदर लावून हसत होती.

मग ओसरीवर बोलणी झाली. दलालाने खांद्यावरचे उपरणे काढून हातावर पसरले आणि त्याखाली हात द्या म्हणून मामंजींना खूण केली. जनावरांच्या बाजारात सौदा असाच होतो. किंमत तोंडाने बोलत नाहीत. कापडाखाली एकमेकांची बोटे धरतात, आणि कोणी कोणाला काय सांगितले ते तिसऱ्याला कळत नाही.

मामंजी ताठ झाले. ‘आम्ही बैल विकत घेत नाही आहोत. जे ठरवायचे ते स्वच्छ मराठीत, चार माणसांदेखत ठरेल.’

‘बरं की,’ दलाल म्हणाला आणि उपरणे खांद्यावर टाकले. ‘मराठी तर मराठी.’

किंमत ठरली. राहता राहिली दलाली. मामंजी विणकराकडे वळले, मान किंचित लववली, आणि प्रत्येक अक्षर सुटे करून म्हणाले, ‘दलाली आपण द्यायची.’

‘व्हय सायेब,’ विणकर खुशीने म्हणाला. ‘दलाली आपण द्यायची.’

‘झ्याक,’ दलाल म्हणाला. ‘दोगांच्याबी तोंडानं आलं.’

विणकराच्या बायकोने वाटीतून गूळ आणला. सगळ्यांनी गुळाचा खडा तोंडात टाकला. पैशाच्या बाबतीत तीन माणसांचे एकमत इतक्या सहज झालेले मी त्याआधी पाहिले नव्हते. त्यानंतरही पाहिलेले नाही.

त्याच संध्याकाळी सासूबाईंनी घरमालकीणबाईंना सांगून टाकले, ‘अमावास्या झाली की आम्ही जाऊ. घर घेतलंय.’ इतक्या वर्षांत त्यांनी घातलेली ही पहिली कडी. बाई म्हणाल्या, ‘बघू. जातो म्हणणारी बिऱ्हाडं पुष्कळ पाहिली.’

खरेदीखताचा कागद तयार झाला. रजिस्टर कचेरीत जायच्या आदल्या दिवशी सकाळी दलाल आमच्या दारात येऊन बसला.

‘मास्तर, उद्या कचेरी. त्याच्या आधी आमचं तोंड गोड करा.’

मामंजींनी आत पाहून सांगितले, ‘यांना गूळ द्या.’

‘गूळ न्हवं वो. दलाली. शेकडा दोन.’

‘ती त्यांनी द्यायची आहे.’

‘त्यांची त्यांच्याकडनं घेतोच की. तुमची तुमच्याकडनं.’

‘आमची कसली? आम्ही स्पष्ट शब्दांत सांगितले होते. दलाली आपण द्यायची.’

‘व्हय की. तुमी म्हनला, आपण द्यायची. मग द्या की.’

‘आपण म्हणजे त्यांनी!’

दलालाने मामंजींकडे असे बघितले, जणू दात मोजून घेतलेल्या बैलाला घरी आल्यावर दातच निघू नयेत. ‘आपण म्हंजे ते कसं हुईल? आपण म्हंजे आपण. मी बाजारात म्हनतो, आपण फसवत न्हाय. म्हंजे कोन? मीच की. तुमी म्हनला आपण द्यायची, म्हंजे तुमी. त्येनी म्हनला आपण द्यायची, म्हंजे त्येनी. दोगांनीबी कबूल केलंय. पुरी पुरी.’

विणकराला बोलावणे गेले. तो हातातले काम टाकून आला. त्याचे म्हणणे तिसरेच. ‘आपण म्हंजे आपण दोघं, सायेब. अर्धं तुमी, अर्धं मी. म्हनून तर मी लगेच व्हय म्हनलं.’

अशी एका वाक्यातून तीन वाक्ये निघाली. मामंजींच्या हिशेबी त्यांनी काहीच द्यायचे नव्हते, विणकराच्या हिशेबी अर्धे, आणि दलालाच्या हिशेबी सगळे, तेही दोन्हीकडून. तिघेही खरे बोलत होते, त्यामुळे भांडण मिटण्यासारखे नव्हते. एक जरी खोटा असता तरी त्याला धमकावून मोकळे झालो असतो.

मामंजी म्हणाले, ‘प्रश्न पैशाचा नाही, तत्त्वाचा आहे.’ तत्त्वाचा प्रश्न पैशाच्या प्रश्नापेक्षा महाग पडतो, हे मी त्या घरात शिकले.

दलाल शांतपणे उठला. धोतर झटकले. ‘मग उद्या आपण कचेरीत येत न्हाय.’

‘आम्ही का यायचे नाही?’ मामंजी भडकले.

‘तुमी या की, मास्तर! आपण येत न्हाय म्हनलं.’

मी स्वयंपाकघरात तोंडात पदर कोंबला. पण हसण्यासारखी वेळ नव्हती. कचेरीत विणकराची ओळख पटवायची होती ती दलालाने. तिथल्या कारकुनांना तोच ठाऊक होता. आणि त्याहून मोठी अडचण विणकराने जाता जाता सांगितली. ‘दलालाचं मन दुखवून मी सही करनार न्हाय, सायेब. घर विकायला काढलं तवा पहिल्यांदा त्याचा पाय लागला. तो रागानं गेला तर सौदा आपल्याला लाभत न्हाय.’ इथेही ‘आपल्याला’ म्हणजे कोणाला, हे विचारायचे धैर्य कोणाला झाले नाही.

घरमालकीणबाई ओटीवरून सगळे ऐकत होत्या. सासूबाई पाण्याला निघाल्या तेव्हा त्यांनी गोड आवाजात विचारले, ‘काय हो, कोणती अमावास्या म्हणाला होता?’

सासूबाईंनी कळशी भरून आणली, खाली ठेवली आणि तिच्याकडे नुसत्या बघत राहिल्या. मी त्यांना रडताना कधी पाहिले नव्हते आणि त्या दिवशीही त्या रडल्या नाहीत. पण कळशी उचलून जागेवर ठेवायला विसरल्या. ती तिथेच, वाटेत राहिली.

दुपारी मामंजी आडवे झाले, तेव्हा त्या मला म्हणाल्या, ‘चल. घर गेलं तर गेलं. त्या बाईला निदान सांगून येऊ. तिनं गूळ दिला होता.’

ऐन उन्हात आम्ही दोघी चालत गेलो. विणकर मागावर होता, कमरेपर्यंत जमिनीत. बायको रहाटापाशी. तिने पाणी दिले, चटई टाकली. तिला मराठी थोडे येई. सासूबाईंना तेलुगूचा एक शब्द येत नव्हता. तरी त्या दोघी एकमेकींकडे बघून मान हलवत होत्या, आणि कोणाचे काय चुकले यापेक्षा काय झाले हे त्यांना जास्त कळत होते. खड्ड्यातून विणकर मधूनमधून दुभाष्याचे काम करत होता.

सासूबाई म्हणाल्या, ‘तुम्ही अर्धं अर्धं समजलात ते कशावरून?’

‘आपण म्हनलं म्हनून. माझ्या बापानं शिकवलं मला. मराठीत आमी म्हंजे मेमु. आपण म्हंजे मनम.’

आम्हाला काही कळले नाही. मग त्याच्या बायकोने रहाट थांबवला. हवेत हाताने एक गोल काढला. त्यात ती स्वतः, तिचा नवरा आणि माग. ‘मेमु,’ ती म्हणाली. मग आणखी मोठा गोल काढला. त्यात हे सगळे आलेच, शिवाय सासूबाई आल्या, मी आले, आमची चटई आणि पाण्याचे भांडेही आले. ‘मनम.’

‘मग मोठ्या माणसाशी बोलताना, म्हणजे हेडमास्तरांशी वगैरे, काय म्हणता?’

‘मीरु. म्हंजे तुमी.’

‘त्यांना मनम म्हणत नाही?’

विणकराने हातातला धोटा थांबवला. हा प्रश्न त्याला विचित्र वाटला असावा. ‘मोठा मानूस मनम कसा हुईल, आई?’

सासूबाई हसायला लागल्या. पहिल्यांदा गालात, मग खांदे हलवून, मग डोळ्यांत पाणी येईपर्यंत. त्या इतक्या हसू शकतात हे मला ठाऊक नव्हते. विणकराची बायको कारण न कळताच त्यांच्याबरोबर हसू लागली. शेवटी डोळे पुसत सासूबाई म्हणाल्या, ‘अरे बाबा, अगदी खरं आहे तुझं. इतकी वर्षं संसार केला. ह्यांनी जेवढ्या वेळा आपण म्हटलं असेल, त्यातल्या एकातही हे स्वतः नव्हते.’

परत येताना त्या भरभर चालत होत्या. गुडघ्याचे नावही काढले नाही.

त्या दिवशी जेवण लवकर वाढले. मामंजी पाटावर बसले होते. मी आतल्या दाराआड उभी होते. सासूबाईंनी भाकरी वाढली, शेंगांची चटणी वाढली, आणि सहज म्हणावे तसे म्हणाल्या, ‘सूनबाई मराठी फायनल पास आहे. तिला विचारते. का ग, आपण म्हणजे कोण?’

सासरच्या माणसांसमोर व्याकरण बोलायचा प्रसंग माझ्यावर पहिल्यांदाच आला होता. मी दाराआडून म्हणाले, ‘दोन्ही होतं. बोलणारा आणि ऐकणारा मिळून आपण. आणि नुसत्या ऐकणाऱ्याला आदरानं म्हटलं तरी आपण.’

‘मग कोणतं, ते कसं ओळखायचं?’

‘क्रियापदावरून. आपण देऊ म्हटलं तर सगळे. आपण द्याल म्हटलं तर समोरचा.’

एवढ्यावर मी थांबले. पुढे बोलायची गरजच पडली नाही. मामंजींचा हात भाकरीवर तसाच राहिला. त्यांच्या चेहऱ्यावर जे आले ते मी त्याआधी फक्त एकदा पाहिले होते. त्या वेळी त्यांना वर्तमानपत्राच्या मथळ्यात ऱ्हस्वदीर्घाची चूक सापडली होती.

‘द्यायची!’ ते म्हणाले. ‘आम्ही द्यायची म्हणालो! मी द्यायची, तू द्यायची, त्याने द्यायची. रूप तेच राहते. या क्रियापदातून पुरुष कळतच नाही!’ ते अर्धवट उठले आणि पुन्हा बसले. ‘म्हणजे वाक्य संदिग्ध होते. तिन्ही अर्थ शुद्ध आहेत. त्या विणकराचा अर्थ शुद्ध आहे, आणि त्या... त्या बैलवाल्याचाही!’

सासूबाईंनी दुसरी भाकरी वाढली. ‘त्यांच्या तेलुगूत दोन वेगळे शब्द आहेत म्हणे त्याला.’

‘दोन? कोणते?’

‘मला काय ठाऊक. उद्या कचेरीत भेटतील, तेव्हा आपण विचारावं,’ सासूबाई म्हणाल्या.

मामंजींनी मान हलवली. वाक्यात कोणते ‘आपण’ होते, हे त्यांच्या लक्षात आले नाही, किंवा आले असून त्यांनी ते सोडून दिले.

मी मामंजींच्या थाटामाटाची पुष्कळ थट्टा केली आहे, अजूनही करते. पण त्या जेवणासाठी मी त्यांची जन्मभर आभारी आहे. ते माणसापुढे हरत नसत. नियमापुढे मात्र आनंदाने हरत, आणि हरल्यावर जिंकल्यासारखे जेवत. माणसापुढे वाकणारे पुष्कळ भेटले. मामंजींसारखे दुसरे कोणी भेटले नाही.

दुसऱ्या दिवशी दलाल कचेरीच्या आवारात लिंबाखाली बसला होता. ‘येत न्हाय’ म्हणाला होता, पण आला होता. मामंजींनी आधी विणकराला गाठून मनम आणि मेमु ऐकून घेतले. दोनदा उच्चार करून पाहिला. मग ते दलालाकडे गेले आणि संदिग्धता म्हणजे काय ते त्याला समजावू लागले. दलालाने थोडा वेळ ऐकले.

‘मास्तर,’ तो म्हणाला, ‘म्हनून आमी बोलत न्हाय. बैलाचा सौदा बोटानं करतो. बोटाला व्याकरन नसतंय.’ आणि त्याने उपरणे पसरले.

आम्ही दोघी थोड्या अंतरावर टांग्यात बसून बघत होतो. मामंजींनी इकडेतिकडे बघितले. कोटाची बाही वर सारली. आणि लांब कोट घातलेल्या, पागोटे बांधलेल्या त्या गृहस्थाचा हात बैलांच्या दलालाच्या उपरण्याखाली गेला. चेहरा समोर, नजर दूर, शाळेचा फोटो काढताना असते तशी. उपरणे जरा हलले. दलालाने भुवई वर केली. उपरणे पुन्हा हलले. दलाल हसला आणि मामंजींनी हात बाहेर काढला. मग विणकराने हात घातला. त्याचे काम लवकर झाले.

‘किती झालं?’ टांग्यात परत आल्यावर सासूबाईंनी विचारले.

‘उपरण्याखालचे सांगायचे नसते,’ मामंजी म्हणाले. ‘तशी पद्धत आहे.’ पद्धत त्यांना कालपर्यंत मान्य नव्हती. पण एकदा स्वीकारल्यावर ते ती पाळणारच होते.

तेव्हा दलाली कोणी दिली, किती दिली, हे मला आजही ठाऊक नाही. तिघेही खूश होते, एवढे पाहिले. दलालाने ओळख पटवली, विणकराने सही केली, आणि अमावास्या झाल्यावर आम्ही ठरल्याप्रमाणे निघालो. घरमालकीणबाई दारापर्यंत पोचवायला आल्या. त्या दिवशी कडी त्यांनी स्वतः काढली आणि दोन्ही फळ्या उघड्या धरून उभ्या राहिल्या. आमच्यामागे बाईंना त्या दाराशी बोलायला कोणी उरणार नव्हते, हे तेव्हा माझ्या लक्षात आले.

नव्या घरी विणकराची बायको आमची वाट बघत होती. माग हलला होता, खड्डा मोकळा होता. तिने सासूबाईंना हळदकुंकू लावले आणि मराठीत, बहुधा पाठ करून आणलेले वाक्य म्हणाली, ‘आपलं घर. नीट ठेवा.’

सासूबाई क्षणभर थबकल्या. आपले घर, दुसऱ्या कोणाचेही नाही असे, याची त्यांनी लग्न झाल्यापासून वाट पाहिली होती. आणि ते हातात येते तोच दुसरी एक बाई त्याला आपले म्हणत होती. मग त्यांनी विचारले, ‘आपलं म्हणजे मनम ना?’

‘मनम,’ ती म्हणाली आणि हवेत तोच मोठा गोल काढला.

तिने एकच मागणे केले. खड्ड्याच्या काठावर तिची सासू आयुष्यभर बसली होती. वर्षातून एकदा तिथे हळदकुंकू वाहायला येऊ द्या. मामंजींचा विचार खड्डा मुरूम घालून बुजवायचा होता. सासूबाईंनी तो बुजू दिला नाही. याचा सगळ्यांत मोठा फायदा मला झाला. सासऱ्यांसमोर सुनेने बसू नये अशी तेव्हा रीत होती, पण मी खड्ड्यात उतरून आतल्या पायरीवर बसले की मामंजींच्या पाटापेक्षा खालीच असे. रीत मोडत नव्हती आणि उजेड दारातून थेट पुस्तकावर येई. माझ्या आयुष्यातले बहुतेक वाचन मी कमरेपर्यंत जमिनीत राहून केले आहे. एखाद्या शब्दाला अडले तर विचारीत असे, आणि मामंजी वरून अर्थ सांगत.

कडी सासूबाईंच्या हातात आली. पहिल्या शनिवारी त्यांनी ती घातलीच नाही. हे आले तर दार सताड उघडे आणि आई उंबऱ्यावर. ‘चोर येतील की ग,’ हे म्हणाले. त्या म्हणाल्या, ‘येऊ देत. त्यांना कोणी विचारत तरी नाही, जेवलास का म्हणून.’

नंतर मात्र त्या रोज कडी घालत आणि कोणालाही तिला हात लावू देत नसत. मलाही नाही.

वर्ष झाले. एका दुपारी सासूबाई नि मी आत होतो. दार बंद, कडी घातलेली. हाक नाही, थाप नाही, आणि कडी आपोआप वर झाली. दोन फळ्यांच्या फटीतून एक बोट आत आले होते. त्याने कडी अलगद उचलून बाजूला केली आणि विणकराची बायको हळदकुंकवाची वाटी घेऊन आत आली. इतकी वर्षे तिचेच दार होते. फट कुठे आहे हे तिच्या बोटाला पाठ होते. आम्हाला पाहून ती ओशाळली, कारण सवयीने तिच्या हातून ते होऊन गेले होते.

मी सासूबाईंच्या चेहऱ्याकडे पाहिले. त्या उठल्या, चटई टाकली आणि गूळ आणायला आत गेल्या.

मामंजींच्या कानावर ती फट गेली तेव्हा ते म्हणाले, ‘हे धोक्याचे आहे. सुतार बोलावला पाहिजे.’

‘आपण बोलावू,’ सासूबाई म्हणाल्या.

सुतार कधी आला नाही. ती फट पुढे किती तरी वर्षे तशीच होती.